कॅरलच्या आठवड्यातला फोड

ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या सिक रूममध्ये सगळ्यात जास्त काय येत असेल, तर दाढ्या. कापसाच्या दाढ्या नाकात जातात, घशात जातात, गोंदानं हनुवटीला चिकटून बसतात आणि ओढायला गेलं तर हनुवटीसकट येऊ बघतात. त्याखालोखाल चमकी. देवदूतांच्या पंखांवरची चमकी डोळ्यांत जाते आणि देवदूत वर्गातल्या मेंढ्यांनाही ऐकू येईल अशा आवाजात रडतात. तिसरा नंबर पोटदुखीचा. नाटकात ज्यांना काही बोलायचं नसतं त्या मेंढपाळांचं पोट दुखत नाही. ज्यांना एकच वाक्य असतं त्यांचंच दुखतं.

व्हाइटफील्डच्या एका शाळेत मी बरीच वर्षं नर्स होते. "शाळेत नर्सला काय काम? पट्ट्या चिकटवायच्या!" असं माझी नणंद म्हणायची. पट्ट्या तर चिकटवायच्याच. पण खरं काम म्हणजे दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघून ठरवायचं, की याला गाडी हवी, की घोटभर पाणी हवं, की नुसतं गणिताचा तास टळायला हवा. चुकलं तर दोन्हीकडून चुकतं. खऱ्या दुखण्याला पाणी पाजलं तर आयुष्यभराचा घोर, आणि खोट्याला गाडीत घातलं तर दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग पोट धरून दारात.

तरुणपणी मला हे काही येत नव्हतं, आणि येत नाही हेही माहीत नव्हतं. आम्ही बेंगळूरचेच मराठी. आजोबांच्याही आधीपासून चिकपेटेत कापडाचं दुकान, घरात भाजीत मीठ 'स्वल्प' घालायची पद्धत. त्या घरातली मी पहिली शिकलेली नर्स, त्यामुळे मान ताठ. नुसता युनिफॉर्म नाही, आतली बाईसुद्धा कडक इस्त्रीची. शाळेतल्या पहिल्याच डिसेंबरात दोन मुली लालभडक गालांनी माझ्यासमोर आल्या. एकीला पाणी हवं होतं, दुसरी सोबत आली होती. मी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. पुस्तकात असा लाल रंग एकाच तापाचा दाखवला होता, बेंगळूरमध्ये तो कुणी बघितलेला नव्हता, आणि तो पहिल्यांदा मी ओळखणार होते! दोघींना स्टोअर रूममध्ये वेगळं बसवून मी प्रिन्सिपलना बोलवायला धावले. आम्ही परत येईपर्यंत एकीला शिंक आली होती, तिनं रुमालानं तोंड पुसलं होतं आणि माझा ऐतिहासिक रोग त्या रुमालावर उतरला होता. सजावटीचा लाल क्रेप कागद थुंकीनं ओला करून दोघींनी गालांना लावला होता. प्रिन्सिपलनी तो रुमाल नीट घडी घालून माझ्या हातात दिला. ते फार वाईट होतं.

असो. मला सांगायचाय तो आठवडा माझ्या निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरातला. तोवर माझी 'सिस्टर'ची 'आंटी' आणि 'आंटी'ची 'अज्जी' झाली होती. कन्नडमधली आजी. शाळेत मला मिळालेल्या बढत्या एवढ्याच.

शुक्रवारी कॅरलचा कार्यक्रम, शनिवारपासून सुट्टी. बुधवारी सकाळी चौथीतली तन्वी आली. कॅरलमधलं एक कडवं ती एकटी म्हणणार होती, म्हणून त्या आठवड्यात ती शाळेतली मोठी असामी होती. तिला फक्त कान खाजतोय म्हणून थेंब हवे होते. मी कानामागे ओला बोळा फिरवला, तर बोळ्यावर कातडीचा रंग आला आणि कानामागे एक फोड दिसला. टपोरा, पाण्यानं भरलेला. मानेवर अजून दोन, त्यांच्यावरही मेकअप.

"हे कुणी लावलं गं?"

"मम्मानं. कन्सीलर आहे ते. अज्जी, पुसू नका ना, स्टेजवर दिसेल."

आईला फोन लावला. इंग्रजीत सुरुवात झाली: डास चावलाय, बेळ्ळंदूरला तलावाच्या बाजूला राहतो, मॉस्किटोज फार. मी मराठीत म्हटलं, "बाळा, डास चावून जातो, मागे पाणी भरून ठेवत नाही."

"अय्या, तुम्ही महाराष्ट्रीयन?"

"मराठी. पहिला फोड कधी दिसला?"

"फ्रायडेला नाइटला. पण ॲक्च्युअली काकू, एकच होता. आणि तिचं व्हॅक्सिन झालंय. आणि सोलो आहे हो तिचं! दोन महिने प्रॅक्टिस केलीय तिनं, आजी-आजोबा पुण्याहून आलेत."

"लस झालीय म्हणून तीनच आहेत, नाहीतर पोरीची चाळणी झाली असती. कांजिण्या आहेत. ये आणि घेऊन जा."

तिकडे रडू फुटलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तन्वी कडव्याचा सराव कुणाजवळ बसून करत होती, ते मला दिसत होतं.

विनया आमची संगीताची शिक्षिका. हासनजवळच्या गावातली मुलगी, आवाज गोड आणि जीभ तिखट. कीबोर्डसमोरच्या बाकावर ती मुलाला शेजारी घेऊन बसायची, डोक्याला डोकं लावून. सहावा महिना चालू होता. मागच्या वेळी पाचव्यात गेलं होतं, म्हणून या वेळी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अर्थातच सगळ्या शाळेला माहीत होतं. ज्या गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतात, तिला त्या झाल्या तर छातीत उतरू शकतात. मग आईचंही खरं नाही आणि पोटातल्याचंही नाही. ज्यांना होऊन गेल्या आहेत त्यांना मात्र काळजी नसते. म्हणजे प्रश्न एकच होता: विनयाला होऊन गेल्या होत्या का?

आधी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्यांच्या टेबलावर कागदाच्या चांदण्यांचा ढीग होता आणि पाहुण्यांना कुठला हार घालायचा यावर फोन चालला होता. माझं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"परवावर कार्यक्रम आहे, सिस्टर. हे शुक्रवारपर्यंत... म्हणजे, स्वल्प थांबता येईल का?"

"मुलांचं थांबेल मॅडम. आज ज्याला लागण झाली असेल त्याच्या अंगावर सुट्टीतच फोड येतील, कॅरलला काही धोका नाही. पालकांना कळवू, कार्यक्रम करू. पण विनयाचं थांबणार नाही."

त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला. शाळेची काळजी होती तिथं बाईची काळजी आली. "देवा. मागच्या वेळी मीच तिला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले होते." मग ड्रायव्हरला हाक मारली. "माझी गाडी घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

विनयाला मी कॉरिडॉरमध्ये गाठलं. तिनं सगळं ऐकलं आणि ओढणी पोटावर घट्ट ओढून घेतली, जणू वारा आला होता.

"लहानपणी झाल्या होत्या का गं?"

"मला काय ठाऊक, अक्का? अम्माला विचारावं लागेल."

तिच्या डॉक्टर बाईंनी फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं. ताबडतोब या, रक्त तपासू. आधी होऊन गेल्याचं रक्तात दिसलं तर सोडून द्यायचं. नाही दिसलं तर एक इंजेक्शन आहे, लवकर दिलं तर उपयोग होतो. ते सहज मिळत नाही, मी मागवून ठेवते. आणि घरी कुणाला आठवत असेल तर विचारा.

के. आर. पुरमच्या अलीकडे गाडी अडकली ती अडकलीच. पुढे बस, मागे टँकर, बाजूला ऑफिसच्या कॅब, आणि आत आम्ही दोघी. विनयानं गावी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाली, "तुम्हीच विचारा अक्का, माझ्याच्यानं होणार नाही."

बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत सांगते. अनुभवी, केस पिकलेल्या या नर्सनं काय विचारलं असेल? "अम्मा, विनयाला बालपणी कांजिण्यांचा संसर्ग झाल्याचं काही स्मरण आहे का?" असं! शब्दशः. ती जुनी इस्त्री कुठेतरी शिल्लक असणारच.

"इल्ला," अम्मा म्हणाल्या. नाही.

"पुरळ? फोड? ताप?"

"इल्ला इल्ला. माझ्या मुलीला कधी काही म्हणून झालं नाही. तुम्ही तिच्या सासरच्या आहात का?"

"अम्मा, त्या शाळेतल्या अक्का आहेत," विनया ओरडली. "खरं सांग ना!"

"खरंच सांगते. आणि पोटुशी असताना असलं काही तोंडातून काढू नये. ठेव फोन."

विनयानं डोळे मिटले. होऊन गेल्या नाहीत असंच तिनं धरलं. मीही क्षणभर धरलं. मग 'तोंडातून काढू नये' माझ्या कानात राहिलं आणि मला आमचं चिकपेटेतलं घर आठवलं. आमच्याकडेही त्या आजाराचं नाव घेत नसत. 'पाहुणी आलीय' म्हणायचं. दाराला कडुनिंबाची डहाळी, आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला, आणि पाहुणी जाईपर्यंत घरात फोडणी बंद. कढईत मोहरी तडतडली की ही देवी रागावते म्हणे. मी नर्सिंगला असताना धाकटा भाऊ आजारी पडला, तेव्हा मी सुट्टीत घरी येऊन आईला विषाणू म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं होतं. आई "बरं" म्हणाली आणि मला बिनफोडणीचं वरण वाढलं. ज्या बाईनं कधी नावच घेतलं नाही, तिला नाव घेऊन विचारल्यावर ती काय सांगणार?

"अम्मा, ठेवू नका," मी म्हटलं. "राहू दे ते. दुसरंच विचारते. विनया लहान असताना तुमच्या घरात कधी बरेच दिवस ओग्गरणे बंद होतं का?" ओग्गरणे म्हणजे आपली फोडणी.

 टँकरवाल्यानं हॉर्न वाजवून घेतला.

"होतं," अम्मा एकदम हळू आवाजात म्हणाल्या.

"दाराला कडुनिंब?"

"बांधला होता की. दहीभात खाऊन खाऊन सगळे कंटाळले होते. हिचे अप्पा तर चोरून हॉटेलात जाऊन वडा खाऊन आले. त्यांना काय बोलले होते मी!"

विनयानं माझं मनगट पकडलं. "कुणासाठी, अम्मा? मला आली होती का अण्णाला?"

"अण्णाला," अम्मा म्हणाल्या. अण्णा म्हणजे विनयाचा थोरला भाऊ. "अण्णाच्या तर पापणीवरसुद्धा होतं. आणि तू..." त्या थांबल्या. "तू त्याच्याच चटईवर झोपायचीस. रडायचीस फार. तुझ्या अंगावर मी बघितलं का गं? मी त्याच्याच उशाशी बसून असायची." आणि मग रडक्या आवाजात, "आईला एवढं आठवू नये?"

"असू दे अम्मा," विनया म्हणाली. आपल्या आईशी ती प्रथमच मऊ आवाजात बोलत असेल असं मला वाटलं. गाडी तेवढ्यात चार हात पुढे सरकली.

डॉक्टर बाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. "एका चटईवर झोपली असेल तर बरीच आशा आहे," त्या म्हणाल्या. "पण आशेवर मी तिला सोडणार नाही. रक्त घ्या." रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. इंजेक्शनचंही शुक्रवारचंच कबूल झालं. विनयाला शाळेत जायला मनाई नव्हती. लागण झालीच असली तरी इतक्यात तिच्यापासून कुणाला धोका नव्हता. "घरी बस," मी म्हटलं. "घरी बसून भिंतीकडे बघू? शाळेत निदान बेसूर मुलं आहेत," ती म्हणाली.

गुरुवारी पालकांना कळवलं आणि सिक रूमसमोर जत्रा भरली. निम्म्या शाळेला अंगावर ठिपके दिसू लागले. डासांचे चावे, घामोळं, खरचटलेलं, एकाच्या हातावर तर पेनानं काढलेले. प्रत्येकाचं बघून मी "जा" म्हणत होते. तरुणपणीची मी असते तर त्या दिवशी शाळेला टाळं लावून पेपरात फोटो दिला असता. दुपारी पी.टी.चे सर आले, सांताक्लॉजच्या वेशात, पोटाला उशी बांधलेली, घाम निथळतोय.

"सिस्टर, मला पण आलं वाटतं. बघा ना, गळ्याभोवती लाल झालंय."

"सर, बेंगळूरच्या उन्हात लोकरीची कॉलर घातली की तसंच होतं."

"नक्की ना? लहानपणी मला झाल्या होत्या का, अम्माला विचारून घेऊ?"

"विचारा. पण ती उशी काढून विचारा, श्वास लागलाय तुम्हाला."

हसू आलं, पण पलीकडच्या हॉलमधून कॅरल ऐकू येत होतं आणि माझं निम्मं चित्त तिथंच होतं. तन्वीचं कडवं विनयानं कुणा एकाला दिलं नाही. आता ते सगळे मिळून म्हणत होते. मुलांनी विचारलं, तर म्हणाली, तन्वीची जागा भरायला एक गळा पुरणार नाही. ती मात्र बाकावर बसत नव्हती. मुलांपासून लांब, खिडकीशी उभी राहून शिकवत होती. संध्याकाळी तन्वीच्या आईचा मेसेज आला: 'काकू, त्या मॅमचं कळलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्या ठीक आहेत ना?' मी लिहिलं, 'उद्या कळेल.' त्यापलीकडे मलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी मैदानावर मांडव, खुर्च्या, पालकांचे वर केलेले मोबाइल. दुपारी येणारा रिपोर्ट आला नव्हता. लॅबला फोन केला, तर "सरी मेडम, पाठवतो" एवढंच. 'सरी' म्हणजे 'बरं'. स्टेजवर जायच्या आधी विनयानं आपला मोबाइल माझ्या हातात दिला.

"माझ्या हातात असला तर मी मुलांकडे बघणार नाही. तुम्ही ठेवा अक्का. मागच्या बाजूला उभ्या राहा, मला दिसाल अशा."

"आणि आला तर?"

"वाईट असेल तर माझ्याकडे बघूच नका. गाणं संपू दे. चांगलं असेल तर बघा."

आयुष्यभर मी लोकांना डोळे तपासून सोडलंय, पण माझ्या डोळ्यांवर कुणी एवढं काम टाकलं नव्हतं. मी स्टेजच्या मागच्या पडद्याशी उभी राहिले. माझ्यापुढे मुलांच्या पाठी, त्यांच्यापुढे विनया, प्रेक्षकांकडे पाठ करून, हात वर. दुसरं गाणं चालू असताना मोबाइल थरथरला.

रिपोर्ट उघडला. अक्षरं बारीक, चष्मा सिक रूममध्ये. हात लांब करून, जवळ आणून, पडद्याच्या फटीतल्या उजेडात धरून बघितलं. एक आकडा दिसला, त्यापुढे एक शब्द. जे हवं होतं तेच वाटत होतं. पण हवं ते दिसायला लागलं की नर्सनं डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, एवढं मी लाल गालांच्या किमतीवर शिकले होते. डॉक्टर बाईंना फोन लावला आणि तोंडावर पदर धरून विचारलं.

"मलाही आत्ताच आलाय," त्या म्हणाल्या. "लहानपणीच होऊन गेल्यात तिला. भरपूर संरक्षण आहे. इंजेक्शन परत पाठवते. तिला सांगा, आज नीट जेव म्हणावं."

मी "थँक यू" म्हटलं की नाही, आठवत नाही. मी विनयाकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. शेवटचं कॅरल चालू होतं, तिची नजर पुढच्या रांगेवर खिळलेली होती आणि हात यंत्रासारखे हलत होते. मी नुसती बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे; गाण्याचं शेवटचं कडवं, तन्वीचं, सुरू झालं. अख्खी शाळा एका आवाजात, निम्मी वरच्या पट्टीत. शेवटच्या ओळीला तिनं मान वर केली आणि आमची नजर भेटली.

तिचे हात थांबले नाहीत. ताल चुकला नाही. कडवं संपलं, मुलांनी वाकायला सुरुवात केली, आणि विनयानं हात पुन्हा वर उचलले. पुढच्या रांगेतली एक मुलगी गोंधळून हळूच म्हणाली, "मिस, झालं ना?" विनयानं मान हलवली. नाही. कीबोर्डवाल्या सरांनी घाईघाईनं सूर पकडला, आणि मुलांनी तेच कडवं पुन्हा म्हटलं, या वेळी जरा जोरात. विनयाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते फक्त मुलांना आणि मला दिसत होतं, आणि मुलांना वाटलं, आपण फार छान म्हणतोय. मग तर मुलं अशी ओरडून गायली की पाहुणे उठून उभे राहिले.

कार्यक्रमानंतर प्रिन्सिपल मॅडम माझ्याजवळ आल्या. "शेवटचं कडवं दोनदा कुणी ठरवलं? सरावात तर नव्हतं."

मी रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मग तिसऱ्यांदा का नाही म्हटलं?"